येथे नारळ फोडू नये

प्रिय ईरा आणि निमिष,

मागच्या रविवारी तुम्ही व्हिडिओ कॉलवर सांगत होतात, की तुमच्या शहरातल्या एका चौकातला जुना पुतळा काढून टाकला आणि त्यावरून शाळेत मोठा वादविवाद झाला. मी सहज म्हणाले, "त्यात काय एवढं? मीही काढलेत." निमिषच्या हातातला चमचा हवेतच राहिला. ईराने विचारलं, "आजी, तू स्मारकं पाडायचीस?" आणि कॉल तुटला. तुमची आई म्हणते नेट गेलं. मला संशय आहे की तुम्हीच बंद केलात.

म्हणून हे लिहिते आहे. दिवाळी अंकाचे संपादकही बरेच दिवस मागे लागले होते, तेव्हा नातवंडांची समजूत आणि संपादकांची पानं ही दोन्ही कामं एकदम होतील. माझं शिक्षण मिशनच्या इंग्रजी शाळेत झालं, त्यामुळे तुम्हाला इंग्रजीतून लिहिणं मला जड नाही. पण ज्या माणसांबद्दल सांगायचंय त्यांनी मला ज्या भाषेत शिव्या दिल्या, त्याच भाषेत लिहिलेलं बरं. आई वाचून दाखवेल. शिव्या आल्या की ती गाळेल, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा.

आधी काम काय होतं ते सांगते. मी बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. जालना जिल्ह्यातल्या रस्त्यांपैकी बऱ्याच रस्त्यांच्या रुंदीत माझा हात आहे. रस्ता रुंद करायचा म्हणजे आधी त्याची मधली रेषा पक्की करायची, मग दोन्ही बाजूंना माप घेऊन चुन्याची पांढरी फक्की टाकायची. फक्कीच्या आत जे येतं ते जातं. काम एवढंच. बाकी सगळी रडारड.

आत येणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या. पहिल्या, ज्यांना मालक असतो: घर, दुकान, विहीर. मालक भांडतो, मोबदला घेतो, मग पुन्हा भांडतो. दुसऱ्या, ज्यांना भक्त असतात: म्हसोबा, मारुती, पीर. तिथे मशीन चालवणारा आधी चपला काढतो, मग हात जोडतो आणि मग मशीन बंद करून झाडाखाली जाऊन झोपतो. गावातल्या जाणत्याने पहिला दगड हाताने हलवल्याशिवाय तो बकेट उचलत नाही. अमावस्येला तर बिलकुल नाही. ठेकेदार नारळ, कधी बकरं आणि चार पावलं मागे नवं देऊळ एवढा खर्च आनंदाने करतो, कारण देवाशी वाकडं घेऊन धंदा होत नाही.

तिसऱ्या गोष्टींना मालकही नसतो आणि भक्तही नसतात. त्यांना फक्त पुण्यतिथी असते. त्या म्हणजे तुमची स्मारकं.

नव्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर एका गुरुजींचा अर्धपुतळा होता. निजामाच्या काळात त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. लोकांनी त्यांच्या अंगावर शेण टाकलं, तर म्हणे ते घरी जाऊन धोतर बदलून पुन्हा वर्गावर आले. एवढ्या मोठ्या माणसाच्या चौथऱ्याला टेकून एकाने चहाची टपरी लावली होती आणि गुरुजींच्या खांद्यावर त्याचं फडकं वाळत असायचं. वर्षातून एकदा कुणीतरी पुढारी येऊन हार घाली. एका वर्षी पाहुण्यांनी गुरुजींच्या शौर्याचं आणि तलवारीचं तोंड भरून कौतुक केलं. गुरुजींनी छडी सोडून काही हातात धरलं नव्हतं. टाळ्या मात्र पडल्या.

रस्ता रुंद झाला तेव्हा मी गुरुजींना उचलून आमच्या उपविभागाच्या गोदामात नेलं. नवी जागा ठरेपर्यंत, म्हणून. जागा ठरेना. गुरुजी डांबराच्या पिंपांशेजारी गोणपाट पांघरून बसले. आमचा शिपाई, शिंदे, येता-जाता म्हणायचा, "मॅडम, गुर्जी लई शांत माणूस. ऑफिसात एवढा शांत दुसरा कोणी न्हाई." पावसाळ्यात लोक त्यांच्या डोक्यावर टोप्या वाळवत.

शेवटी एका चौकातल्या बेटावर त्यांची स्थापना झाली. ती झाल्यावर त्याच शाळेच्या मुख्याध्यापिका तणतणत माझ्या टेबलासमोर आल्या.

"मॅडम, गुरुजींची पाठ शाळेकडे आहे."

"हो. तोंड रहदारीकडे आहे. तसंच मंजूर झालंय."

"अहो, ज्यांनी शाळा काढली त्यांची पाठ? मुली विचारतात, सर रुसलेत का म्हणून."

"त्यांना फिरवायचं म्हणजे पुन्हा अंदाजपत्रक, पुन्हा मंजुरी."

"मग शाळाच फिरवा," असं म्हणून त्या गेल्या. बाई हुशार. गुरुजी अजून तसेच आहेत. समोर बियाणांच्या कंपनीचा मोठा फलक आहे, तो वाचत बसतात.

दुसरे एक होते, ज्यांनी आपल्या मळ्यातली विहीर सगळ्या जातींना मोकळी केली आणि त्यापायी स्वतःच्या भावकीत आयुष्यभर एकटे पडले. त्यांच्या नावाने पाणपोई बांधली होती. त्यांचं नाव लहान अक्षरात, बांधणाऱ्याचं मोठ्या अक्षरात आणि नळाला पाणी नाही. ती पाडताना मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, नाही वाटलं. ती पाणपोई त्यांचा अपमानच करत होती.

आता मूळ गोष्ट. ही आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टीकडच्या रस्त्यावरची, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांतली. तो रस्ता अरुंद होता, उसाच्या ट्रॉल्या आणि एसट्या समोरासमोर आल्या की एकाला शेतात उतरावं लागे. मी फक्की टाकत टाकत एका लहान गावाच्या शिवारात पोचले, तर रस्त्याच्या कडेला एक उभा दगड आणि त्याच्यापुढे एक म्हातारी उकिडवी बसून रॉकेल आणि काथ्या घेऊन तो घासत होती.

"काय करताय मावशी?"

"दिसत न्हाई का? देव घासून राह्यले."

"कुठला देव?"

"देव न्हाई हो बाई. म्हणून तर घासून राह्यले!"

ती सखूबाई. सत्तरीच्या पुढची, धनगराच्या घरातली, तरुणपणी मेंढरांमागे फिरलेली आणि नंतर दुसऱ्याच्या शेतात मजुरी केलेली. तिने काथ्या मारला तसा शेंदूर सुटला आणि खालून अक्षरं निघाली. मी चष्मा पुसून वाचलं: "येथे भागूबाई आहे. येथे नारळ फोडू नये. नवस बोलू नये. लेकरू आजारी असल्यास दवाखान्यात न्यावे."

आयुष्यात मी पुष्कळ शिलालेख वाचले. एवढा कामाचा एकच.

भागूबाई कोण, ते सखूबाईने मला बांधावर बसून सांगितलं. भागूबाईचं एक लेकरू तापाने फणफणलं, तेव्हा घरच्यांनी त्याला गावच्या भगताकडे नेलं. भगत म्हणजे अंगात देव आणणारा आणि अंगारे देणारा माणूस. त्याने लिंबाचा पाला जाळून धूर दिला, मोरपिसाच्या कुंच्याने झोडपलं. लेकरू गेलं. पुढच्या बाजारी भागूबाई आष्टीला गेली, भर बाजारात भगताच्या हातातला कुंचा काढून घेतला आणि त्याच कुंच्याने त्याला झोडपला. "देव असंल तुझ्या अंगात, तर हात धर म्हणावं माझा!" देवाने हात काही धरला नाही.

तेव्हापासून ती गावोगाव फिरायला लागली. कुणाचं मूल आजारी आहे कळलं की दारात जाऊन बसायची आणि ते दवाखान्यात नेईपर्यंत उठायची नाही. दारूच्या भट्ट्यांची मडकी फोडली. विधवा बायांना म्हणायची, कुंकू तुझ्या बापानं लावलंय, नवऱ्यानं न्हाई, पुसू नको. वर्तमानपत्रात तिचं नाव कधी आलं नाही. सखूबाई तिच्याबरोबर फिरणाऱ्या पोरींपैकी एक; त्या सगळ्या तिला माय म्हणत.

"मला पण तिनंच उचलून नेल्तं दवाखान्यात," सखूबाई म्हणाली. "पैल्या बाळंतपणात. सासू दारात आडवी झाली, तर माय सासूला वलांडून गेली. मी वाचले, पोरगं वाचलं. सासू जन्मभर रुसली."

मरताना भागूबाईने सांगून ठेवलं होतं, माझ्यावर देऊळ बांधाल तर उठून येईन. त्यांच्या घरात पुरायची पद्धत. तिला तिच्याच शेताच्या तुकड्यात, रस्त्याच्या कडेला पुरलं आणि बायांनी वर्गणी काढून तिच्या शब्दांचा दगड उभा केला.

मग व्हायचं तेच झालं. आधी कुणीतरी उदबत्ती लावली. मग शेंदूर आला. मग नारळ, तेही बरोबर "नारळ फोडू नये" या ओळीवर, कारण दगडाचा तिथला भाग जरा पुढे आलेला होता. आणि शेजारी नारळाचं दुकान कुणाचं? ज्याला तिने बाजारात झोडपला, त्याच भगताच्या मुलाचं.

मी त्याला विचारलं, "अरे, तुझ्या वडिलांना मारणारी बाई ही. तिला देव कसं म्हणतोस?"

तो मनापासून म्हणाला, "मॅडम, माझ्या बापाच्या अंगात साक्षात देव यायचा. त्याला जी मारती, ती साधी बाई असंल का? तिच्यात त्याच्याहून मोठा देव असला पायजे. हिशेब आहे."

तर्कशास्त्रात मला कॉलेजात चांगले मार्क होते. याच्या हिशेबाला मीही पैकीच्या पैकी दिले असते.

सखूबाई आली की घासायची, ती गेली की लोक फासायचे. हे वर्षानुवर्षं चाललेलं. आणि आता माझी फक्की दगडाच्या पलीकडून गेली होती.

"म्हंजे माय जाणार?" तिने विचारलं.

"दगड फक्कीच्या आत आहे, सखूबाई."

"कुठं ठिवणार मंग?"

मला गोदामातले गुरुजी आठवले. खरं उत्तर असं होतं, की दगड फुटून रस्त्याच्या भरावात जाईल. ठेकेदाराचा सुपरवायझर तिथेच उभा होता, त्याने ते उत्तर माझ्याआधी देऊन टाकलं. "भारी दगड आहे मावशी. खडी बराबर निघते याची."

सखूबाई पदराने त्या अक्षरांतलं रॉकेल टिपत राहिली. तिच्याकडे मायचा फोटो नव्हता. तिला वाचता येत नव्हतं, पण त्या चार ओळी पाठ होत्या, आणि त्या ओळींखेरीज भागूबाईचं या जगात काही नव्हतं.

मी नीटनेटकी बाई आहे. माझ्या कपाटात लवंगांच्या डब्यावरही चिठ्ठी असते, तुम्ही हसता त्यावर. तरी त्या दिवशी मी तिला एक गबाळा सल्ला दिला. म्हटलं, "सखूबाई, महिनाभर घासू नका. शेंदूर राहू दे. देव दिसला तर मशीनवाला हात लावणार नाही. मग मी वरच्या साहेबांना सांगून रस्ता थोडा वळवून घेते. रस्ते देवासाठी वळतात, मी स्वतः वळवलेत."

"आन् माणसासाठी?"

"माणसासाठी नाही वळत."

भगताचा मुलगा हे ऐकत होता. त्याला माझा सल्ला इतका आवडला, की त्याने मला फुकट नारळ देऊ केला. पुढच्या आठवड्यात दगडावर शेंदराचा असा थर चढला की अक्षरंच काय, दगडाचे कोपरेही दिसेनात. वर भगवं निशाण, डोळे म्हणून दोन चांदीचे तुकडे.

आणि मशीन आलं.

जेसीबी चालवणारा बबन घनसावंगीकडचा होता. मशीनच्या काचेला देवीचा फोटो, लिंबू-मिरची, सगळा बंदोबस्त. त्याने दगड पाहिला, इंजिन बंद केलं आणि चपला काढल्या. सुपरवायझरने मला फोन केला, "मॅडम, तुमचा देव आडवा आला. जल्दी या." मी मनात खूश होऊन जीपमधून पोचले, तर सखूबाई रस्त्याच्या त्या बाजूने रॉकेलचा डबा घेऊन येत होती.

"सखूबाई, आज नको!" मी ओरडले.

"आजच," ती म्हणाली आणि बसली घासायला.

भगताचा मुलगा धावला. "ए म्हातारे, वाचून राह्यली ना माय, तर मारती कशाला तिला?"

"वाचून राह्यली? ह्येच्यात?" तिने शेंदराचा गोळा हातात घेऊन त्याच्या नाकापुढे धरला. "तुझ्या बापाला मारलं ते ह्येच्यासाठीच मारलं होतं, मुडद्या! जलमभर ज्येला शिव्या घातल्या, ते तिच्या तोंडावर थापून तिला वाचवू? मंग वाचलं कोण? दुकान वाचलं तुझं!"

तिने चांदीचे डोळे उपटून त्याच्या हातावर ठेवले. निशाण काढून घडी करून तेही दिलं. मग घासत सुटली. मी तिचा हात धरायला गेले, तर म्हणाली, "इंजिनेर बाई, तुमी शिकलेल्या. तुमाला तरी ह्ये सांगावं लागू न्हाई." तुमच्या आईने गाळलेली शिवी यापुढे होती.

अक्षरं निघाली. बबन जवळ आला आणि ओठ हलवत वाचायला लागला. "येथे... भागूबाई आहे." थांबला. पुढचं वाचलं. मग हसायलाच लागला. "मॅडम, हा देव न्हाई. ही तर बाई आहे. आन् खवट बाई आहे."

"मग झालं मोकळं," सुपरवायझर म्हणाला. "घाल बकेट. फोड."

मी त्याला थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, मंजूर नकाशात हा दगड कुठंय? दाखवा." नकाशा मीच काढला होता. दगड त्यात नव्हता.

सखूबाई उठली, लुगड्याला हात पुसले आणि बबनच्या पुढे जाऊन उभी राहिली. "तू देवाला हात लावत न्हाई ना?"

"न्हाई, आजी. कधीच न्हाई."

"ही देव न्हाई, बराबर?"

"न्हाई."

"मंग उचल तिला. देव जाग्यावरून हलत न्हाई, माणूस हलतं की. माणसाला उचलायला काय भ्यायचं? मला नेल्तं तिनं उचलून. तू तिला ने."

"कुठं?"

सखूबाईने दगडाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

बबनने सुपरवायझरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मशीनवर चढला. एवढं नाजूक काम करताना मी जेसीबी कधी पाहिला नव्हता. बाळाखाली हात घालावा तशी त्याने दगडाखाली बकेट घातली. सखूबाईने खालची मूठभर माती पदरात बांधून घेतली. मग मिरवणूक निघाली: पुढे सखूबाई भुंकणाऱ्या कुत्र्यांना शिव्या देत, मागे बकेटमध्ये आडव्या पडलेल्या भागूबाई, त्यांच्या मागे माझी जीप आणि सगळ्यांच्या मागे सुपरवायझर, फोनवर माझी तक्रार करत. वाटेत बाया घरातून बाहेर आल्या आणि बरोबर चालायला लागल्या. एकीने हात जोडले, तर सखूबाई मागे वळून खेकसली, "हात खाली!"

आरोग्य उपकेंद्राच्या दारात सिस्टर बाहेर आल्या. "अहो, हे काय? इथे माझी गाडी लागते!"

"आता भागूबाई लागतील," मी म्हटलं. नोकरीत विनामंजुरी केलेलं माझं हे एकच बांधकाम. बबनने खड्डा केला, दगड उभा केला, बायांनी पायाने माती दाबली. माझ्याकडे नंतर खुलासा मागितला गेला. मी तो व्यवस्थित, मुद्देसूद दिला. कुणी वाचला नसावा.

पण, मुलांनो, सगळं गोड झालं असं समजू नका. दगड हलला, भागूबाई नाही हलली. तिची हाडं आष्टीच्या रस्त्याच्या डाव्या बाजूखाली आहेत आणि वरून रोज उसाच्या ट्रॉल्या जातात. रस्ता मी सरळ काढला. हातभर वळण ठेवायला हवं होतं का, याचा विचार मी अजूनही करते, आणि इंजिनिअर म्हणून उत्तर दर वेळी एकच येतं: सरळच बरोबर होता. माणूस म्हणून येणारं उत्तर मी तुम्हाला सांगणार नाही. भगताच्या मुलाने दुकान हलवलं नाही. लोक आता डांबरावरच नारळ फोडतात. तिथे मनाई करणारी पाटी नसल्यामुळे त्यांची सोयच झाली आहे.

सखूबाई दोन वर्षांपूर्वी गेली. तिच्यावर दगड नाही. तिने नको म्हटलं होतं.

गेल्या महिन्यात मी उपकेंद्रात जाऊन आले. दगड जागेवर आहे. किंचित कललाय. त्याच्या टोकाला बाया पिशव्या अडकवतात, लस टोचल्यावर रडणाऱ्या पोरांना त्याच्या सावलीत बसवतात. एका कोपऱ्याला कुणीतरी शेंदराचं बोट पुसलं होतं, नव्या सिस्टरने ते स्पिरिटने काढलं. चारपैकी पहिली ओळ झिजली आहे, त्यामुळे तिथे कोण आहे ते आता वाचता येत नाही. बाकीच्या तीन ओळी वाचता येतात.

तुमची,
आजी